आकडा छापता तसं तो गोळा कसा केला तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यात राहणारी निवृत्त शिक्षिका, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि मुलांना घेऊन गावोगाव सर्व्हे केले. तुमचा पेपर आमच्याकडे फार वर्षांपासून येतो. हल्ली पहिल्या पानावर रोज एखादा तरी आकडा असतोच, बेरोजगारी इतके टक्के, खेड्यातला माणूस महिन्याला इतके रुपये खर्च करतो, इतक्या टक्के बायका कामाला जातात, आणि वेबसाईटवर रोजचा कौल असतो तो वेगळाच. आकडे छापू नका असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट जास्त छापा. पण तो आकडा आला कुठून, कोणाला विचारलं, ती माणसं कशी निवडली, नेमका प्रश्न काय होता, किती जणांनी दारच उघडलं नाही, यातलं एक अक्षरही बातमीत नसतं. मग वाचक काय करतो, आकडा आवडला तर फॉरवर्ड करतो आणि नाही आवडला तर सगळं खोटं आहे म्हणून सोडून देतो. दोन्ही चूक आहे आणि दोन्हीला कारण एकच, आकडा कसा तयार होतो हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

साधं उदाहरण देते. २०११-१२ साली केंद्र सरकारच्या नॅशनल सॅम्पल सर्व्हेनं घरखर्चाचा सर्व्हे केला, त्यात एक लाखावर घरांच्या एका गटाला विचारलं की मागच्या ३० दिवसांत कशावर किती खर्च झाला, आणि तेवढ्याच घरांच्या दुसऱ्या गटाला भाजी, फळं, अंडी-मटण, तेल, मसाले असल्या वस्तूंचं मागच्या ७ दिवसांचं विचारलं, धान्य, दूध वगैरेचं ३० दिवसांचं, आणि कपडे, शिक्षण, टीव्ही-फ्रीज असल्या खर्चाचं वर्षाचं. देश तोच, वर्ष तेच, खातं तेच. पहिल्या पद्धतीनं खेड्यातला दरडोई महिन्याचा खर्च साधारण १,२७९ रुपये आला आणि दुसऱ्या पद्धतीनं १,४३०. म्हणजे माणूस किती गरीब दिसतो हे त्याला किती दिवसांचं आठवायला सांगितलं त्यावर ठरलं! आता यात लबाडी कोणाचीच नाही. महिन्यापूर्वी आणलेली कोथिंबिरीची जुडी आणि पोराला दिलेले वडापावचे पैसे कुणाच्या लक्षात राहणार, आठवड्याचं विचारलं की राहतात, पण गेल्या वर्षी घेतलेली शिलाई मशीन आठवड्याच्या प्रश्नात सापडणारच नाही म्हणून तिला वर्षाचा प्रश्न लागतो.



याच्या आधी १९९९-२००० साली तर एकाच घराला खाण्यापिण्याच्या वस्तूंचं ७ दिवसांचं आणि ३० दिवसांचं असं दोन्ही एकाच बैठकीत विचारलं होतं. माणूस आधी सांगितलेल्या उत्तराशी दुसरं उत्तर जुळवून घेतो, हे कुणीही शिक्षक सांगेल. त्या सर्व्हेवरून देशातली गरिबी ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आली असं जाहीर झालं आणि पुढे कित्येक वर्षं अर्थतज्ज्ञ भांडत बसले की यातली खरी घट किती आणि प्रश्न बदलल्यामुळे दिसलेली किती. सरकार कुणाचं होतं, श्रेय कुणाचं, ते बाजूला ठेवा, हा वाद सगळा प्रश्नावलीच्या दोन रकान्यांवरून झाला.

२०२२-२३ चा घरखर्चाचा सर्व्हे आला तेव्हा खेड्यात ३,७७३ आणि शहरात ६,४५९ रुपये अशी हेडलाईन सगळीकडे होती, २०११-१२ शी तुलना करून. पण या वेळी सर्व्हेवाले एका घरी तीन वेगवेगळ्या महिन्यांत तीनदा गेले, एकदा खाण्याच्या वस्तू, एकदा इतर रोजच्या वस्तू आणि सेवा, एकदा टिकाऊ वस्तू, शिवाय वस्तूंची यादीसुद्धा ३४७ वरून ४०५ वर गेली. पद्धत चांगलीच आहे, कारण एका दमात दोन-तीन तास प्रश्न विचारले की माणूस कंटाळून "लिहा काहीतरी" म्हणतो हे मी स्वतः बघितलंय. पण मग जुन्या आकड्याशी तुलना जपून करायला हवी, हे खात्यानं स्वतःच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय. बातमीत ते यायला एक ओळ लागली असती.

बेरोजगारीचंही असंच. २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्व्हेत वर्षभराचा हिशोब धरून बेरोजगारी ३.२ टक्के आणि मागच्या सात दिवसांचा हिशोब धरून ४.९ टक्के. दोन्ही आकडे एकाच रिपोर्टमधले. एका चॅनेलवर एक, दुसऱ्यावर दुसरा, आणि लोकांना वाटतं कोणीतरी खोटं बोलतंय. सात दिवसांच्या हिशोबात आठवड्यातल्या कुठल्याही एका दिवशी एक तास जरी काम केलं तरी तो माणूस रोजगारात धरतात. हे ऐकल्यावर आमच्या शेजारच्या मुलानं, जो एमपीएससीचा अभ्यास करत अधूनमधून काकाच्या दुकानात बसतो, मला विचारलं की मॅडम मग मी कुठे. मी म्हटलं त्या आठवड्यात दुकानात बसला असशील तर कामावर. त्याला ते पटलं नाही आणि त्याचं बरोबर आहे, पण व्याख्या कळल्यामुळे निदान तो त्या आकड्याशी भांडताना नेमकं कशाशी भांडायचं ते त्याला कळलं.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते ती बायकांच्या कामाची. खेड्यात कुठल्याही दारात जाऊन विचारा, "ताई तुम्ही काय काम करता?" ती म्हणणार "काही नाही, घरीच असते." हे म्हणताना तिच्या हातात वैरणीचा भारा असतो. पहाटे म्हशीची धार काढलेली असते, डेअरीला दूध घातलेलं असतं, भांगलायला स्वतःच्याच रानात जाऊन आलेली असते, पण मजुरी मिळत नाही म्हणजे काम नाही असं तिच्या डोक्यात घरानंच घातलंय. सर्व्हे करणारा नवखा असेल तर तो "घरकाम" असा कोड टाकून पुढच्या प्रश्नाला जातो. नॅशनल सॅम्पल सर्व्हेत याला ९२ आणि ९३ असे दोन वेगळे कोड आहेत, फक्त घरकाम करणारी वेगळी आणि घरकामासोबत सरपण-चारा आणणं, शिवण वगैरे करणारी वेगळी. आणि घरच्या शेतात किंवा विकायच्या दुधासाठी राबणारी बाई तर या दोन्हींत बसत नाही, ती कामगारच धरायची, बिनपगारी मदतनीस म्हणून. पण हे कळायला एका प्रश्नावर थांबून चालत नाही. म्हशी कोण बघतं, दूध घालायला कोण जातं, काल सकाळपासून काय काय केलंत, असं खोदून विचारावं लागतं. त्यात उत्तर देतो कोण, तर बऱ्याचदा सासरा किंवा नवरा, ती आतून चहा घेऊन येते तेव्हा तिची माहिती भरून झालेली असते. मी मुलींना नेहमी सांगायचे, चहाला नाही म्हणू नका, पण चहा आणणारीला खाली बसवा आणि तिच्याकडूनच ऐका.

म्हणूनच वेळेचा सर्व्हे आला तेव्हा मला फार बरं वाटलं. २०१९ साली देशभर पहिल्यांदा झाला आणि २०२४ ला पुन्हा. त्यात "काम करता का" असं विचारतच नाहीत, आदल्या दिवशी पहाटे ४ पासून ते आज पहाटे ४ पर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाला काय केलं ते लिहून घेतात. बघा, प्रश्न बदलला आणि काम दिसायला लागलं. २०१९ ला घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ गेला आणि ते काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. म्हणजे "घरीच असते" म्हणणारीचे पाच तास. हा आकडा आधीही खराच होता, फक्त त्याला विचारणारं कोणी नव्हतं.

आपल्या मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञानाची संस्था आहे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे १९९२-९३ पासून तिच्या देखरेखीखाली होतो. त्यात बायकांची मुलाखत बाईच घेते. आणि घरातल्या मारहाणीचे प्रश्न असतात तेव्हा एका घरातल्या एकाच बाईला विचारायचे आणि आसपास दुसरं कोणी नसेल तरच विचारायचे, एकांत मिळाला नाही तर तो भाग सोडून द्यायचा असा नियम आहे. सोडलेला प्रश्न परवडला पण नवऱ्यासमोर दिलेलं उत्तर नको. एवढी काळजी घेऊन मिळवलेला आकडा आपण दोन कॉलमात "महाराष्ट्रात इतके टक्के" म्हणून उरकतो याचं वाईट वाटतं.

आता निवडीबद्दल, कारण वेबसाईटवरच्या कौलाबद्दल मला स्पष्ट लिहायचंय. ज्याला इंटरनेट आहे, ज्यानं तुमची साईट उघडली आणि ज्याला त्या विषयाचा राग किंवा आनंद आहे तोच बटण दाबतो, त्यातून "जनतेचं मत" निघत नाही, भाग घेणारे पन्नास हजार असोत की पाच लाख. अमेरिकेत १९३६ च्या निवडणुकीत एका साप्ताहिकानं जवळपास एक कोटी लोकांना पत्रिका पाठवल्या, तेवीस लाखांवर परत आल्या, लँडन निवडून येणार म्हणून छापलं आणि आले रूझवेल्ट, तेही प्रचंड फरकानं. नावं घेतली होती टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांमधून, आणि उत्तरं पाठवली होती ज्यांना पाठवावीशी वाटली त्यांनीच. तुम्ही कौल घ्या, लोकांना आवडतो, पण खाली एक ओळ टाका की हे साईटवर येणाऱ्यांचं मत आहे, महाराष्ट्राचं नाही.

हाच आजार कॉलेजात पण शिरलाय. प्रोजेक्ट दिला की मुलं गुगल फॉर्म बनवतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात, "प्लीज भरा, दोनच मिनिटं लागतील", आणि भरणारे सगळे त्यांच्याच वयाचे, त्यांच्याच कॉलेजचे, मग रिपोर्टवर लिहितात "सातारा शहरातील नागरिकांचा अभ्यास". मुलांचा दोष कमी आहे, त्यांना कोणी बाहेर नेतच नाही. यादी कशी करायची, वाडीतली सगळी घरं आधी मोजून मग त्यातून चिठ्ठ्या टाकल्यासारखी रँडम नंबरनं घरं कशी निवडायची, निवडलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारचं घर का धरायचं नाही, हे बसून कळत नाही. कुलूप असलेलं घर म्हणजे बहुतेकदा नवरा-बायको दोघंही कामावर गेलेलं घर, त्याऐवजी शेजारचं उघडं घर घेतलं की तुमच्या सर्व्हेत घरी असणारी माणसंच भरत जातात. संध्याकाळी परत जावं लागतं, रविवारी जावं लागतं. कंटाळवाणं आहे पण दुसरा मार्ग नाही.

शहरात तर दार वाजवण्याआधी गेटवर सिक्युरिटी अडवते. मोठ्या सोसायट्यांमध्ये सर्व्हेवाल्यांना आत सोडत नाहीत, सेक्रेटरीला फोन करा, मीटिंगमध्ये ठेवू, मग कोणी फोन उचलत नाही. परिणाम काय होतो बघा, श्रीमंत घरं सर्व्हेत कमी पडतात आणि मग शहरातला वरचा खर्च कमी दिसतो. २०२२-२३ च्या सर्व्हेत यासाठीच शहरातल्या घरांचे आधीच गट पाडले होते, दहा लाखांहून महाग गाडी असलेली घरं, त्याहून स्वस्त गाडी असलेली आणि गाडी नसलेली, म्हणजे प्रत्येक गटातून घरं निवडली जातील. पण निवडलं तरी दार उघडायला पाहिजे ना. लोकांची भीती मी समजू शकते, फसवणूक रोज होते. ओळखपत्र बघा, फोन करून खात्री करा, पण खात्री झाली की बसवा आणि बोला. बँकेचा ओटीपी किंवा पिन कुठल्याही सर्व्हेला लागत नाही, तो मागितला तर तो सर्व्हेवाला नव्हे. आणि जनगणनेत दिलेली तुमची वैयक्तिक माहिती १९४८ च्या कायद्यानं गुप्त असते, ती कोणाला बघायला मिळत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. हे पेपरनं पहिल्या पानावर छापावं असं मला वाटतं.

शेतीवर लिहिल्याशिवाय हे पत्र संपवता येणार नाही, कारण इथे आमच्या जिल्ह्याचा माणूस आहे. डॉ. पांडुरंग सुखात्मे, १९११ साली बुध गावात जन्मले, फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला जाऊन आले. त्या काळात पीक किती आलं हे ठरायचं डोळ्यानं, आणेवारी म्हणजे अंदाज. अंदाज करणारा माणूस कोण आणि सारामाफी मिळणार की नाही यावर तो अंदाज हलायचा. सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात कृषी संशोधन परिषदेत असताना पीक कापणीच्या प्रयोगांची शास्त्रीय पद्धत देशभर रुजवली. गाव रँडम निवडायचं, त्यातला शेत नंबर रँडम, मग शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून लांबीला किती पावलं आणि रुंदीला किती पावलं तेही रँडम नंबरनं, तिथे ठरलेल्या मापाचा प्लॉट दोरी लावून आखायचा, तेवढंच कापायचं, मळायचं, वजन करायचं. चांगलं पीक आलेला कोपरा बघून प्लॉट टाकायची सोयच ठेवलेली नाही.

यात एक वाद झाला तो मी दरवर्षी वर्गात सांगायचे. प्रशांतचंद्र महालनोबीस, ज्यांनी १९३१ ला कलकत्त्याला संख्याशास्त्राची संस्था काढली, ते बंगालमधल्या सर्व्हेत अगदी छोटे गोल प्लॉट कापायचे, खर्च कमी आणि जास्त ठिकाणी जाता येतं म्हणून. सुखात्म्यांनी मोठे आणि छोटे प्लॉट शेजारी शेजारी कापून दाखवलं की छोट्या प्लॉटवरून उत्पन्न जास्त दिसतं. कारण? दोरीवर आलेली रोपं आत धरायची की बाहेर, अशी शंका आली की माणसाचा हात ती आतच घेतो. मोठ्या प्लॉटमध्ये कडेची चार रोपं आली तरी फरक पडत नाही, छोट्यात सगळा हिशोबच बिघडतो. सूत्रात काही चूक नव्हती, सगळी चूक दोरीपाशी बसलेल्या माणसाच्या हातात होती, आणि ती फक्त रानात जाऊनच सापडली. पुढे सुखात्मे जागतिक अन्न आणि शेती संघटनेत रोमला गेले आणि निवृत्तीनंतर पुण्याला परत आले. आमच्या जिल्ह्यातल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे?

आज या पीक कापणी प्रयोगावर विम्याची भरपाई ठरते. महसूल मंडळातल्या मोजक्या प्लॉटवरून सगळ्या मंडळाचं उत्पन्न धरतात, म्हणून तो प्लॉट कुठे पडला, कापणीच्या दिवशी शेतकऱ्याला आणि ग्रामस्थांना बोलावलं होतं का, वजन समोर झालं का, याला फार महत्त्व आहे. पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या रुपयामागे किती पैसे पीक आलं तो आकडा, ५० पैशांच्या आत की बाहेर यावर तर गावाच्या सवलती ठरतात. तुमचे बातमीदार "पैसेवारी ५० च्या वर, शेतकरी नाराज" अशी बातमी देतात, ती खरीच असते, पण नजरअंदाज पैसेवारी आहे, सुधारित की अंतिम, प्रयोग कुठल्या शेतात झाले हे विचारून लिहिलं तर शेतकऱ्याला नेमका जाब विचारता येईल.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून मोबाईलमधून फोटो काढून पिकाची नोंद करायची. तलाठ्यानं चावडीत बसून सातबाऱ्यावर मागच्याच वर्षीचं पीक उतरवण्यापेक्षा हे कधीही चांगलं. पण ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, डोंगरात रेंज नाही, ज्या म्हातारीची जमीन तिच्या नावावर आणि पोरगा मुंबईला, तिचं शिवार नोंदीत पडीक दिसायला नको. ज्याची माहिती त्यानंच भरायची असं ठरवलं की ज्याला भरता येत नाही तो यादीतून गायब होतो, मग तो फॉर्म कागदावर असो नाहीतर अ‍ॅपवर.

आणि आता जनगणना. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे, मोबाईल अ‍ॅपवर होणार, स्वतः माहिती भरायची सोय असणार आणि जातीची नोंदही होणार. जातीच्या बाबतीत एक गोष्ट महाराष्ट्रानं लक्षात ठेवायला हवी. २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जात गणनेत जात विचारली होती, पण जातींची ठरलेली यादी प्रगणकाच्या हातात नव्हती, ज्यानं जसं सांगितलं तसं लिहिलं, कोणी पोटजात, कोणी आडनाव, कोणी गोत्र, एकाच नावाची दहा स्पेलिंगं. निघाल्या ४६ लाख जाती! १९३१ च्या जनगणनेत हाच आकडा ४,१४७ होता. केंद्र सरकारनं २०२१ साली सुप्रीम कोर्टात हे प्रतिज्ञापत्रावर सांगितलं, आणि ते महाराष्ट्राच्याच याचिकेत, आपल्या एकट्या राज्याच्या नोंदी सव्वाचार लाखांच्या वर होत्या. एवढा खर्च, एवढी माणसं राबली आणि आकडा वापरताच आला नाही, कारण रकाना मोकळा ठेवला. म्हणून या वेळी यादी काय आहे, यादीत नसलेलं नाव कसं लिहिणार, प्रगणकाला ट्रेनिंग काय दिलं, हे प्रश्न आधीच विचारले पाहिजेत, निकाल आल्यावर नाही.

दुसरी गोष्ट ऊसतोड कामगारांची. २०११ ला माणसं मोजली ९ ते २८ फेब्रुवारीत, आणि बेघर लोकांना २८ च्या रात्री. फेब्रुवारी म्हणजे ऐन गाळप हंगाम. बीडची, पाथर्डीची, जतची माणसं तेव्हा आमच्याकडे कारखान्यांच्या फडात असतात, कोप्या म्हणजे तात्पुरत्या झोपड्या टाकून. गावाकडे घराला कुलूप आणि म्हातारी माणसं. नियम असा होता की मोजणीच्या सगळ्या काळात माणूस घरापासून लांब असेल तर तो जिथे सापडेल तिथे मोजायचा, म्हणजे त्याला कोपीवर जाऊनच मोजायला हवा. पहाटे फडात, दुपारी गाडीबरोबर कारखान्यावर, कोपीत दिवसा लहान पोरं तेवढी असतात. तिथे प्रगणक रात्री जाणार का? गेला नाही तर ते कुटुंब गावातही नाही आणि इथेही नाही. २०११ च्या जनगणनेनंतर तपासणीचा सर्व्हे झाला, त्यात दर हजारी २३ माणसं सुटल्याचं निघालं. १२१ कोटींच्या देशात हे पावणेतीन कोटींच्या आसपास जातं. कोण सुटतं, तर हीच माणसं, फिरती, भाड्यानं राहणारी, कोपीतली. आणि जनगणना हाच बाकी बहुतेक सर्व्हेंचा पाया असतो, गावांची यादी तिथूनच घेतात, २०११ नंतर मधली जनगणना झालीच नाही त्यामुळे इतकी वर्षं खेड्यातले सर्व्हे जुन्याच यादीवर चाललेत.

चूक शोधायची पद्धत पण आपल्याकडे आहे, ती फार कमी लोकांना माहीत आहे. जन्म-मृत्यूचे दर ज्या नमुना नोंदणी पद्धतीतून येतात तिथे गावातलाच माणूस, शिक्षक किंवा अंगणवाडी ताई, वर्षभर जन्म-मृत्यू लिहून ठेवते, आणि दर सहा महिन्यांनी वेगळा सुपरवायझर येऊन तिची वही न बघता घरोघर स्वतः विचारतो. मग दोन याद्या जुळवतात, ज्या नोंदी जुळत नाहीत त्यांच्यासाठी परत त्या घरी जातात. एका माणसाकडून सुटलेलं दुसऱ्याच्या यादीत सापडतं. बालमृत्यूचा दर छापताना या बायकांच्या वहीचा कधी उल्लेख येत नाही.

माझी मागणी अशी आहे. कुठल्याही सर्व्हेचा आकडा छापाल तेव्हा शेजारी छोटी चौकट टाका, कोणी केला, कधी केला, किती घरं किंवा माणसं, कशी निवडली, समोर बसून विचारलं की फोनवर की ऑनलाईन, नेमका प्रश्न कोणत्या शब्दांत होता, किती जणांनी नकार दिला. सरकारी सर्व्हेंच्या प्रश्नावल्या आणि फील्डवर जाणाऱ्यांना दिलेल्या सूचना सांख्यिकी मंत्रालयाच्या साईटवर फुकट मिळतात, बातमीदाराचं अर्ध्या तासाचं काम आहे. खाजगी कंपनीनं किंवा पक्षानं सर्व्हे दिला आणि ही माहिती द्यायला नकार दिला तर तो आकडा छापू नका. आणि फेब्रुवारीत जनगणनेच्या वेळी एक बातमीदार प्रगणकाबरोबर कोप्यांवर पाठवा, कऱ्हाड, वाळवा, शिरोळ कुठेही, तो काय बघतो ते जसंच्या तसं छापा.

चौकटीचा एक नमुना २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्व्हेवर करून सोबतच्या कागदावर दिलाय, एका कॉलमात बसतो. त्यात काही कमी-जास्त करायचं असेल तर जरूर करा.

आपली,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षिका,
जि. सातारा